माहेरच्या नावाचा रकाना

सिद्धांतनं नोकरी सोडली ती मस्तीपायी, असं आमच्या ऑफिसात अजून बोलतात. "लई शहाणा होता, डेटाबेसवरनं भांडला आणि गेला." डेटाबेसवरनं! जसं काय दोन पोरं बॅटीवरनं भांडली आणि एक रुसून घरी गेलं. हे ऐकलं की माझं डोकंच फिरतं. मी त्याच्या शेजारच्या खुर्चीवर बसत होते, सगळं माझ्या डोळ्यांदेखत झालं, आणि त्यातलं थोडं माझ्या हातून पण झालं. म्हणून मीच सांगते.

मी चन्नम्मा. सोलापुरात सात रस्त्याला एका चष्म्याच्या दुकानावर आमची सॉफ्टवेअर कंपनी आहे, तिथं फोन घ्यायचं काम करते. सॉफ्टवेअर कुठं अडलं की गावोगावची माणसं मला फोन करतात आणि मी समजावून सांगते. पण त्याआधी वीस वर्षं मी एका दवाखान्यात केसपेपरच्या खिडकीवर होते. तिथं बाई समोर आली की माझा पहिला प्रश्न ठरलेला. "माहेर कुठलं गं?" बायकांना वाटायचं, ही बया भोचक आहे. अहो, भोचक कसली! आमच्याकडची बाई एका नावानं राहते का कधी? लग्नात आडनाव बदलतं, बापाच्या जागी नवरा येतो, आणि कित्येक घरांत तर ताटात तांदूळ पसरून तिचं स्वतःचं नावसुद्धा नवं लिहितात. पोटुशी असताना सात महिने ती सासरच्या गावातल्या दवाखान्यात सासरच्या नावानं जाते. मग पहिलं बाळंतपण म्हणून तिला माहेरी नेतात, आणि तिथं सगळं गाव तिला जुन्याच नावानं हाक मारतं. एकच बाई, पण कागदावर दोन. म्हणून आमच्या रजिस्टरात माहेरच्या नावाचा एक रकाना होता. आणि एखाद्या बाईला एखादं औषध सोसत नसलं, की तिच्या केसपेपरवर मी लाल शाईनं आडवं लिहायची, "हे देऊ नये."

सिद्धांत एकोणतीस वर्षांचा. बारकुडा, एका कानात कायम वायर, बोलताना टेबलावर बोटं वाजवायची सवय. मिलिंद नगरात घर. वडील धोंडिराम वस्तीतल्या वाचनालयात शिपाई होते, आई मुक्ताबाई शाळेत खिचडी शिजवायची. कॉलेज केलं त्यानं, पण तो म्हणायचा, "अक्का, मला कॉलेजनं इंजिनिअर नाही केलं. जगातल्या अनोळखी माणसांनी आपलं काम उघडं ठेवलं, ते वाचून वाचून मी झालो. वडिलांच्या वाचनालयात कसं, कुणीही यावं, पुस्तक काढावं, बसावं. कुणी विचारत नव्हतं, तू कुणाचा. ओपन सोर्स म्हणजे तेच की." एवढं म्हणायचा आणि शेंगाचटणीचं बोट चाटत परत स्क्रीनकडं वळायचा. सोलापुरात राहून अमेरिकेतल्या कुणाच्या तरी प्रोग्रॅममधली चूक दुरुस्त करून पाठवायचा, आणि त्यांनी ती घेतली की आख्ख्या ऑफिसला चहा.

त्यानं स्वतःचाही एक छोटा प्रोग्रॅम असाच सगळ्यांसाठी उघडा ठेवला होता. आपल्याकडची नावं जुळवणारा. इंग्रजीत पिंकी कुणी आयनं लिहितं कुणी वायनं, चन्नम्मा कुणी एका एननं लिहितं कुणी दोन, तरी माणूस एकच हे तो ओळखायचा. विजयवाड्याच्या कुणा बाईनं त्यातली तेलुगू आडनावांची चूक काढून पाठवली, तेव्हा हा आठ दिवस हवेत होता.

आता आमचे मालक. पृथ्वीराज सर. माणूस वाईट नाही, पण नव्याचा नाद भारी. एका धर्मादाय ट्रस्टचे आठ दवाखाने आहेत, वळसंगपासून जेऊरपर्यंत पसरलेले, त्यांचं काम आम्हाला मिळालं. बायकांकडं असायची ती कागदी कार्डं बंद करायची, सगळं कॉम्प्युटरवर. सिद्धांत चार दिवस माझ्याशेजारी वही घेऊन बसला. "अक्का, खिडकीवर काय काय व्हायचं ते सगळं सांगा." मी सांगितलं. माहेरचा रकाना सांगितला, लाल शाई सांगितली. मग त्यानं फळ्यावर चौकटी काढल्या. एका बाईला एक नंबर. नावं कितीका असेनात, सगळी त्या एका नंबराला बांधलेली. लाल शाईच्या जागी स्क्रीनच्या वर लाल पट्टी, तीसुद्धा त्या नंबराला बांधलेली. बाई कुठल्याही दवाखान्यात कुठल्याही नावानं गेली, तरी पट्टी तिच्या मागं जाणार. "पोस्टग्रेस डेटाबेसवर करू," तो म्हणाला. "उघडा आहे, तीस वर्षं लोकांनी घासूनपुसून पक्का केलाय, आणि अशी बांधाबांध करण्यात त्याचा हात कुणी धरत नाही." मला चौकटी कळल्या नाहीत, पण आपली खिडकी त्यात दिसली. मला बरं वाटलं.

तेवढ्यात सर हैदराबादला कसल्यातरी तीन दिवसांच्या संमेलनाला गेले आणि येताना नोएसक्यूएल नावाचा नवा डेटाबेस घेऊन आले. सोमवारी सगळ्यांना बोलावलं.

"हे चौकटीचं जुनं झालं आता," सर म्हणाले. "नव्या डेटाबेसात चौकट लागतच नाही. एक भेट, एक कागद. जसा येईल तसा टाकायचा. गुरुवारी ट्रस्टला डेमो दाखवू."

"सर, तो डेटाबेस वाईट नाही," सिद्धांत म्हणाला. "हवामानाचे आकडे येऊ द्या, मोबाईलवरचे संदेश येऊ द्या, मीच तो घेईन. पण हितं माणसं आहेत. ते एक मोठं पोतं आहे सर. टाकायला लई सोपं. पण कुठला कागद कुठल्या कागदाचा लागतो, हे पोतं सांगत नाही. ते आपणच सांभाळायचं असतं."

"मग सांभाळू की."

"कोण सांभाळणार? सून वळसंगला, बाळंतपण जेऊरला. लाल पट्टी वळसंगच्या कागदावर राहील. जेऊरला ती माहेरच्या नावानं येईल, नवा कागद होईल, त्यावर पट्टी नाही. नर्स म्हणेल सगळं साफ आहे आणि सुई टोचेल. बाई मरेल सर!"

सरांनी घड्याळ बघितलं.

"तू लई टोकाचं बोलतोस बघ. बरं, माहेरचं नाव पाहिजे ना? नंतर टाकू. याच्यात हीच तर मजा आहे, रकाना कधीही टाकता येतो."

हे वाक्य लक्षात ठेवा तुम्ही. कधीही टाकता येतो, म्हणून तो कधीच टाकला गेला नाही. जुन्या रजिस्टरात रकाना छापलेलाच असायचा, मोकळा सोडला की डोळ्यांत खुपायचा. इथं खुपायला काही नव्हतंच.

सिद्धांत तणतणत जागेवर आला. मी म्हटलं, "अरे, एवढा काय तापतोस? सोड की." तर माझ्यावरच उखडला, "अक्का, तुम्ही तरी सोड म्हणू नका!" पण गुरुवारचा डेमो त्यानंच केला. दुसरं कोण करणार? नाव सापडलं नाही तर नवा कागद बनव, हा नियम त्यानंच लिहिला, आणि बुधवारी संध्याकाळी मान खाली घालून लिहिला. नावं जुळवणारा त्याचा तो प्रोग्रॅमही सरांनी आत घ्यायला लावला. "फुकटच आहे ना? घे की." वर त्यातलं सिद्धांतचं नाव खोडून कंपनीचं घातलं, आणि खाली 'सर्व हक्क राखीव'.

"सर, हा फुकट नाही, उघडा आहे," तो म्हणाला. "नावाचं सोडा. पण तुम्ही त्याची आपली वेगळी प्रत करून दार लावून घेतलंत. बाहेर लोक रोज त्यात सुधारणा करायलेत. ती आपल्याकडं येणार कशी?"

"आपल्याला काय गरज?" सर म्हणाले. आणि खरंच, त्यानंतर तीन महिन्यांनी एका बाहेरच्या माणसानं त्यात माहेर-सासरची नावं जुळवायची सोय करून दिली. जगाला मिळाली ती. आम्हाला नाही. सिद्धांतनं ती मला स्क्रीनवर दाखवली आणि कानातली वायर काढून टेबलावर आपटली.

डेमो झाला, टाळ्या झाल्या. आणि मग माझं काम आलं. आठही दवाखान्यांना फोन करून मी सांगितलं, "कार्डं गोळा करा. बायकांना सांगा, कार्ड सांभाळायची आता गरज नाही, सगळं कॉम्प्युटरवर आहे." आठ वेळा म्हटलं मी हे. वीस वर्षं लाल शाईनं लिहिणारी बाई मी, आणि माझ्याच तोंडानं आठ वेळा. कप्पाळ माझं! हे मी कुणाला दोष देऊन सुटणार नाही.

सुरू झाल्यापासून चौथ्या महिन्यात जेऊरच्या दवाखान्यातून नर्सचा फोन आला. बुद्धप्रिया तिचं नाव. एरवी खळाळून बोलणारी पोरगी, त्या दिवशी अडखळत अडखळत बोलली.

"अक्का, आमच्या हितं बाळंतीण हाय, पिंकी हिंदुराव गावडे. काल मुलगी झाली. टाक्यांसाठी डॉक्टरनी पेनिसिलिन लिहिलं, मी दिलं. अक्का, ती निळी पडली. श्वासच घेईना. डॉक्टर जवळ होते म्हणून वाचली, आत्ता गाडीनं सोलापूरला पाठवली. अक्का, मी स्क्रीन बघितली हुती हो! पट्टी नव्हती! आईशप्पथ नव्हती!"

"सासर कुठलं तिचं?" मी विचारलं. सवयच ती.

"वळसंग."

"नवऱ्याचं नाव?"

"अभिमन्यू वाघमोडे."

मी वळसंगचे कागद उघडले आणि अभिमन्यू शोधला. मनाली अभिमन्यू वाघमोडे. लग्नात नाव बदललेलं. मोबाईल नंबर नवऱ्याचा. जेऊरच्या कागदावर होता तो बापाचा. आधार वळसंगला दिलंच नव्हतं, नाव बदलायला टाकलंय म्हणून. आणि वर लालभडक पट्टी. पोटुशी असताना सहाव्या महिन्यात गळू झालं होतं, पेनिसिलिन दिल्यावर अंगभर गांधी उठल्या, दम लागला. देऊ नये.

दोन मिनिटं लागली मला. फक्त दोन मिनिटं! सिद्धांत मागं येऊन उभा होता. त्यानं पट्टी बघितली, जेऊरचा कोरा कागद बघितला, आणि शेजारच्या खुर्चीत बसला. "अक्का, तो नियम मीच लिहिला," एवढंच म्हणाला. मी त्याच्या पाठीवर हात ठेवला. संध्याकाळपर्यंत आम्ही दोघं फोनकडं बघत बसलो. सहा वाजता कळलं, पोरीचा धोका टळला.

तुम्हाला वाटेल, आता तरी सर हलले असतील. हलले, पण भलतीकडं. ट्रस्टनं चौकशी लावली, शुक्रवारी बैठक ठेवली. सर सिद्धांतला म्हणाले, "वापरणाऱ्याची चूक आहे. नर्सनं नीट बघितलं नाही."

"काय बघणार ती? पट्टीच नव्हती."

"नव्हती, तर आता टाक. जेऊरच्या कागदावर. तारीख महिनाभर आधीची घाल. तुझा तो पोस्टग्रेस असता तर लई कटकट झाली असती, इथं कोण विचारतंय?"

सिद्धांत हसला. चांगलं हसू नव्हतं ते. "सर, खोटं कुठल्याही डेटाबेसात लिहिता येतं. त्याला जुनानवा लागत नाही."

"कंपनीत पंधरा माणसं आहेत बे, त्यांची घरं आहेत."

"त्या नर्सला पण घर आहे."

शुक्रवारी बैठकीत बुद्धप्रिया एका कोपऱ्यात, पदराचं टोक बोटाला गुंडाळत बसली होती. तिला घरी बसवायचं जवळजवळ ठरलंच होतं. सर 'वापरणाऱ्याची चूक' म्हणाले, काहींनी माना डोलावल्या. आणि सिद्धांत उठला. दोन्ही कागद त्यानं भिंतीवर मोठे करून दाखवले. मग आपलं कोड दाखवलं, आणि त्यातली ती एक ओळ. "नाव सापडलं नाही तर नवा कागद. ही ओळ माझी आहे. यात नर्सचा काहीच दोष नाही. तिनं स्क्रीन बघितली, स्क्रीन खोटं बोलली. हे कोड पहिल्या दिवसापासून उघडं असतं ना, तर तुमच्यातल्या एखाद्या डॉक्टरनं, नाहीतर आमच्या चन्नम्मा अक्कांनी, विचारलं असतं, माहेरचं नाव कुठाय? पण आम्ही ते कुलपात ठेवलं आणि तुम्हाला सांगितलं, विश्वास ठेवा."

बुद्धप्रियाची नोकरी वाचली. सिद्धांतला बाहेर आल्यावर सरांनी लॅपटॉप जमा करायला सांगितलं. तेवढ्या एका वाक्यात त्याची सहा वर्षं संपली. तो नोकरी सोडून गेला नाही हो, त्याला काढला. मस्तीपायी म्हणे!

मी का राहिले, असं विचाराल. फोनवर त्या बायका माझा आवाज ओळखतात म्हणून राहिले. आता फॉर्मवर माहेरच्या नावाचा रकाना आहे. सरांनी महिनाभरानं टाकून घेतला. पुढं कंसात लिहिलंय, ऐच्छिक. शंभरातल्या नव्वद कागदांवर तो मोकळाच असतो. मी रोज नर्सना फोन करून ओरडते, आणि त्या म्हणतात, "अक्का, ऐच्छिक हाय की वो."

पिंकी दवाखान्यातून घरी गेली, त्यानंतर आठवड्यानं सिद्धांतचा फोन आला. "अक्का, जेऊरला येता का? एकट्याला जायचा धीर होत नाही." सकाळच्या गाडीनं गेलो. स्टेशनपासून चालत पंधरा मिनिटांवर घर. पिंकी बाजेवर टेकून बसलेली, चेहरा अजून पांढरा, मुलगी मांडीवर. तिची आई बजाबाई दारात उभी राहिली, या म्हणाली नाही.

"मी तो कॉम्प्युटरचा प्रोग्रॅम लिहिला," सिद्धांत उभ्यानंच म्हणाला. "माझी चूक झाली."

बजाबाईनं त्याला खालपासून वरपर्यंत बघितलं. "बसा," म्हणाली. पाणी दिलं.

त्यानं पिशवीतून एक जाड पांढरं कार्ड काढलं आणि लाल पेन. वहीवर कार्ड ठेवून मोठ्या अक्षरांत लिहिलं. वर 'पिंकी हिंदुराव गावडे, जेऊर'. खाली 'मनाली अभिमन्यू वाघमोडे, वळसंग'. त्याखाली 'पेनिसिलिन देऊ नये'. कोड लिहिताना भराभर चालणाऱ्या त्याच्या बोटांना त्या तीन ओळी लिहायला लई वेळ लागला. "हे कायम जवळ ठेवा," तो म्हणाला. "कुठंही गेलात तरी आधी हे दाखवा."

पिंकीनं कार्ड हातात घेतलं. शिकलेली पोर, नीट वाचलं. मग सिद्धांतकडं बघितलं.

"दोन्ही नावं अन् एक ओळ. एवढंच हाय की हे. मग कॉम्प्युटरात का न्हाय लिवलं?"

त्यानं तोंड उघडलं. मला वाटलं, आता चौकटी सांगेल, पोतं सांगेल, सरांचं सांगेल. ऑफिसात तासन्तास बोलायचा या विषयावर.

"नंतर टाकू म्हणाले," तो म्हणाला. "आणि मी व्हय म्हटलं."

पिंकी कार्डाकडंच बघत होती. "मी सांगत हुते," ती म्हणाली. आवाज चढला नव्हता तिचा. "सुई द्यायच्या आदी मी सिस्टरला दोनदा सांगितलं, मागं एक सुई मला सोसली न्हाय. नाव ठावं नव्हतं, पर सांगितलं. सिस्टरनी तुमचा तो कॉम्प्युटर बघितला अन् म्हनाल्या, हितं तर कायच न्हाय, काय हुत न्हाय, घाबरू नको."

बजाबाईनं पोरीच्या हातातून कार्ड घेतलं, पदरानं पुसलं आणि बाळाच्या दुपट्याखाली सरकवून ठेवलं.